मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र

मद्य व मादक द्रव्ये यांच्या व्यसनात सापडलेल्यांवर वैद्यक आणि मानसशास्त्र यांच्या संयुक्त पद्धतीने उपचार करणारी पुणे येथील संस्था. स्थापना १९८६, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात. संस्थापिका डॉ. अनिता (सुनंदा) अवचट (मृ. १९९७) या त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ञ होत्या. त्यांचे पती डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) हे वैद्यकाचे पदवीधर असले, तरी लेखक म्हणूनच अधिक परिचित. १९८० नंतर मुंबई-पुण्यात ‘गर्द’ (अशुद्ध हेरॉइन) झपाट्याने पसरला. त्यावरील अवचटांचे लेखन वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले व केंद्र उभे राहिले.

व्यसनाचे दोन भाग पडतात. गर्द बंद होताच अंगदुखी, जुलाब, निद्रानाश सुरू होतो. हे हाल असह्य असले, तरी सहसा जिवावर बेतत नाहीत. जुनाट मद्यपीची दारू एकाएकी तुटली, तर मात्र कंप, झटके व भ्रम उद्‌भवून मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांचे. पण शरीर शुद्ध झाले म्हणजे सवय सुटली असे नव्हे, आणि निव्वळ औषधोपचारावर भिस्त ठेवणारे प्रयत्न बहुधा येथेच फसतात. तीच गल्ली, तेच सोबती, पगाराचा तोच दिवस दिसताच ओढ जागी होते. ती ओळखणे, टाळणे आणि रिकाम्या वेळेला नवे वळण लावणे, हे मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक शिकवितात. पुन्हा घसरलेल्यास दोषी न मानता आजाराचाच भाग म्हणून परत घेतले जाते. व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णच येथे कार्यकर्ते होतात. या कल्पनेचे मूळ १९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल व एक शल्यचिकित्सक या दोघा मद्यपींनी सुरू केलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या चळवळीत आहे. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. घरातील मार व कर्ज त्यांनीच सोसलेले असल्याने तो उपचाराचा गौण भाग नव्हे.

संस्थापिकेच्या निधनानंतर त्यांच्या कन्या, मानसशास्त्राच्या अभ्यासक मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा सांभाळली. ठाणे जिल्ह्यात अशाच सहकार्याचे काम डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापिलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेत चालते.