पवित्र शास्त्राची वंशावळ

वऱ्हाडात श्रावण लागला की पोथ्या बाहेर निघतात. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात कुणी ‘नवनाथ भक्तिसार’ लावतो, कुणी ‘हरिविजय’. शेगाव याच भागात, त्यामुळे दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या ‘गजानन विजय’ ग्रंथाला श्रावणाचीही वाट पाहावी लागत नाही. पोथी पाटावर येते, तिच्यावर हळदकुंकू वाहिले जाते आणि वाचणारा आधी हात जोडतो. ग्रंथ कोणी रचला हे साऱ्यांना ठाऊक असते, ओव्यांतून कवीचे नावही येते. तरी बोलवणारा निराळा आहे असे कवी सांगतो आणि ऐकणारे मान डोलावतात. लिहिणारा माणूस आणि बोलवणारा देव, दोन्ही एकाच दमात खरे मानायला इथे कुणाची हरकत नसते.

याच मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक ग्रंथ आला. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनने अकोला-खामगाव भागात शाळा आणि अनाथाश्रम काढले, आणि त्यांच्याबरोबर मराठी ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे बायबल, वऱ्हाडात पोचले. ग्रंथासोबत एक प्रश्नही आला. हे पुस्तक देवाच्या प्रेरणेने लिहिले गेले की माणसांनी आपल्या बुद्धीने? असा प्रश्न वाद घालून सुटत नाही. पुस्तकाचे कूळ मात्र काढता येते. आपल्या हातातल्या प्रतीपासून एकेक पिढी मागे गेले की प्रश्नाचा निदान अर्धा भाग मोकळा होतो.

अलीकडची पिढी वसईची. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हेच दिब्रिटो पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आधीची ठळक पिढी केडगावची. पंडिता रमाबाईंना प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळेल असे वाटत नव्हते. संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. भाषांतर त्यांनी केले आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते आश्रमातल्या बायकांनी छापले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. एका बाईने एकहाती केलेले संपूर्ण बायबल जगातही विरळाच. ज्या रमाबाईंची या ग्रंथावर अढळ श्रद्धा, त्यांनीच त्याचे आधीचे मराठी शब्द खोडून नवे लिहिले, हे मनात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

त्यामागे मुंबई. गॉर्डन हॉल आणि त्याचे सोबती फेब्रुवारी १८१३ मध्ये बंदरावर उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीत कॉलऱ्याने गेला. मिशनचा मराठी नवा करार त्याच वर्षी छापून झाला, संपूर्ण बायबलाला १८४७ उजाडले. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. तिथेच काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढून पंचांग छापले. निर्णयसागरचे जावजी दादाजीही मिशनच्याच छापखान्यात तयार झाले. बायबलासाठी घडलेली कारागिरी अशी पंचांगाला आणि धर्मग्रंथांनाही कामी आली. पुढे बेळगावचे बाबा पदमनजी, आपल्याला ‘यमुनापर्यटन’मुळे माहीत असलेले, बायबलाच्या मराठीवर हात फिरवत राहिले आणि नव्या करारावर त्यांनी टीकाही लिहिली.

आणखी मागे गेले की कूळ थेट बंगालात जाते. श्रीरामपूरला विल्यम केरी बसला होता. त्याच्या शेजारी मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा, ‘सिंहासन बत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ मराठीत आणणारे तेच. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार निघाला. गंगेच्या काठी बसून केलेले हे मराठी इकडच्या कानाला परके वाटले आणि मुंबईकरांना काम नव्याने करावे लागले. ११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. अनेक भाषांचे खिळे वितळले, हस्तलिखिते जळाली. केरीने खिळे पुन्हा ओतले आणि जळालेले पुन्हा लिहायला घेतले.

मराठी कुळाचा मूळ पुरुष मात्र गोव्याचा. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापले गेले. हे बायबलाचे भाषांतर नव्हे. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत बायबलाची कथा पुराणाच्या ढंगाने सांगितलेली आहे. त्या काळात कॅथलिक चर्चला लोकभाषेतले बायबल मंजूर नव्हते, पुराण मात्र चालले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. आपण वाचतो ते पुढच्या हस्तलिखितांच्या आधाराने.

इथवर कुणाची तक्रार नसावी. भाषांतरे माणसांचीच असतात, प्रेरणेचा दावा आहे तो मूळ हिब्रू आणि ग्रीक लेखनाबद्दल. मग तिकडे जाऊ.

मूळ लेखनही आपली बोटे लपवत नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायातला प्रसंग बघा. यिर्मया तोंडाने सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने गुंडाळीवर उतरवतो. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. दिवस थंडीचे, राजापुढे शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. असे करत सगळी गुंडाळी जळते. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख सगळे पुन्हा लिहितो आणि त्यात आणखी पुष्कळ मजकुराची भर घालतो, असे ग्रंथच सांगतो. म्हणजे देवाचे वचन म्हणून मानलेला मजकूर जळू शकतो, पुन्हा लिहिला जाऊ शकतो आणि दुसऱ्या आवृत्तीत वाढूही शकतो.

लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच थियफिलाला सांगतो की पुष्कळांनी हे लिहायचा यत्न केला आहे आणि आपणही मुळापासून नीट शोध घेऊन क्रमाने लिहीत आहोत. दृष्टांत झाला, आकाशवाणी झाली, असे काही तो म्हणत नाही. करिंथकरांना लिहिताना पौल लग्नाच्या प्रश्नावर एक सल्ला प्रभूचा म्हणून देतो आणि लगेच दुसरा आपला स्वतःचा म्हणून वेगळा काढतो. रोमकरांस पत्राच्या शेवटी लेखनिक तर्तिय मध्येच आपलाही सलाम घालून मोकळा होतो. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात तर त्रोवसला कर्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन ये, असा निरोप आहे. शास्त्रलेख देवाच्या प्रेरणेने झाला, हा सगळ्यांच्या तोंडी असलेला आधार याच पत्रातला, झग्याच्या निरोपाच्या एक अध्याय आधी. हे पत्र लिहिले गेले तेव्हा नवा करार नावाचा ग्रंथ बांधला गेला नव्हता, ‘शास्त्र’ म्हणजे यहुद्यांची जुनी पुस्तके. नव्या करारातली आजची सत्तावीस पुस्तके नेमकी मोजून सांगणारी पहिली यादी अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते. आजही प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलात ७३.

कूळ शोधणाऱ्याची खरी अडचण याच्या पुढे आहे. मूळ लेखकाच्या हातचे एक पानही उरलेले नाही, आहेत त्या नकलांच्या नकला. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट घ्या. सोळाव्या अध्यायात स्त्रिया कबरेपाशी जातात, कबर रिकामी दिसते, त्या घाबरून पळतात आणि कुणालाच काही सांगत नाहीत. सिनाय आणि व्हॅटिकन इथल्या चौथ्या शतकातल्या दोन थोर प्रतींत मार्क इथे, आठव्या वचनावर, थांबतो. छापील बायबलात पुढे आणखी बारा वचने असतात. त्यांत येशूचे दर्शन आहे, साप हाती धरण्याचे आणि विष बाधत नसल्याचे आश्वासन आहे. सिनायची प्रत १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १८४७ च्या मुंबईकर भाषांतरकारांपुढे ती नव्हतीच. आजच्या अनेक आवृत्त्या ही वचने कंसात घालतात किंवा खाली टीप देतात. अक्षर न् अक्षर देवाने सांगितले असे म्हणायचे, तर ही बारा वचने आत धरायची की बाहेर, हे आधी ठरवावे लागते. ठरवणार माणूसच.

मुंबईने या प्रश्नावर जाहीर रणधुमाळी पाहिली आहे. मिशनरी डॉ. जॉन विल्सनशी हिंदू पंडितांचे १८३०-३१ मध्ये वाद झाले, त्यातून मोरभट्ट दांडेकरांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ निघाले. जानेवारी ते मे १८५७ या काळात विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी भिडले. बुवा वेदांच्या बाजूने, पाद्री बायबलाच्या बाजूने. दोघांचाही मुद्दा एकच, की आमचा ग्रंथ ईश्वराचा आणि तुमचा माणसांचा. दुसऱ्याच्या ग्रंथावर लावलेली कसोटी आपल्याला लावायला कुणी राजी नव्हते. त्याच शहरात १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही ग्रंथ प्रत्यक्ष ईश्वराने दिलेला आणि निर्दोष नाही, असे आपल्या तत्त्वांतच घालून टाकले. पुण्यात जोतीराव फुले आणखी पुढे गेले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त कोणताच धर्मग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत सारखा सत्य नाही, अशी भूमिका आहे. तिथेच ते असे कुटुंब कल्पितात, की ज्यात बायको, नवरा, मुलगी आणि मुलगा आपापल्या पसंतीचा वेगवेगळा धर्मग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारतात आणि तरी एका घरात प्रेमाने राहतात.

या भांडणात आपलाच एक जुना दाखला कुणी पुढे केला नाही, याचे नवल वाटते. वऱ्हाडातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ जमवले. त्याचे चरित्रनायक चक्रधर हे महानुभाव पंथीयांसाठी साक्षात परमेश्वर. त्यांच्या लीळा लोणारपासून पैठणपर्यंत विखुरलेल्या, तर म्हाइंभट ज्याच्या त्याच्याकडे गेला, आठवणी विचारल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. एकाच लीळेची दुसरी आठवण निघाली तर ‘वासना’ म्हणून तीही नोंदली गेली. खलजीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, अशी पंथाची परंपरा आहे. लूक आणि बारूख या दोघांचे काम इथे एकत्र सापडते. देवाचे चरित्र लिहिताना पाठभेद नोंदवल्याने महानुभावांची श्रद्धा कमी झाली नाही.

एकनाथांचे तर विचारूच नका. नकलकारांनी ज्ञानेश्वरीत भलतेसलते शिरवलेले पाहून त्यांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कुणी आपली ओवी घुसडू नये अशी तंबी दिली. युरोपात इरॅस्मसने ग्रीक नवा करार प्रती ताडून छापला तो १५१६ मध्ये. त्रैक्याचा आधार म्हणून सांगितले जाणारे योहानाच्या पहिल्या पत्रातले एक वाक्य ग्रीक प्रतींत न सापडल्याने त्याने पहिल्या दोन आवृत्त्यांतून गाळले. गदारोळ झाला, तेव्हा १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते घातले. पैठणच्या नाथांवर असा दाब आला नाही, एवढाच फरक.

मग बायबल ईश्वरप्रेरित आहे का? चर्चची उत्तरेही एकसारखी नाहीत. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये ईश्वराची प्रेरणा मान्य करून, लिहिणारी माणसे आपल्या बुद्धीने आणि शक्तीने लिहिणारे खरेखुरे लेखक होती, असे स्पष्ट केले. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींनी १९७८ मध्ये शिकागोला जाहीरनामा काढला. त्यात निर्दोषपण काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांपुरते ठेवले, म्हणजे जी कुणाजवळ नाहीत त्यांच्यापुरते. पहिले उत्तर वंशावळीशी जुळते. दुसरे वंशावळ जिथे संपते त्याच्या पलीकडे जाऊन बसते, तिथे ते कुणाला खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. देवाने शब्द न् शब्द सांगितला आणि माणसाने तो फक्त उतरवला, ही समजूत टिकत नाही. ती कुण्या नास्तिकाने मोडलेली नाही, बायबलच्या लेखकांनीच मोडली आहे. लिहिणाऱ्यांच्या अंतःकरणात देव होता का, हे मात्र इतिहास सांगू शकत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्याचे ऐकू नये. १८९३ च्या सुमारास नागपूरहून निघालेल्या आगगाडीत नारायण वामन टिळकांच्या हाती एका सहप्रवाशाने नवा करार ठेवला. त्यांना धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. प्रेरणेचा सिद्धांत कुणी आधी पटवून दिला नव्हता, वाचल्यावर वचनांनीच पकड घेतली.

तेव्हा पोथी आपली असो वा शेजाऱ्याची, हात जोडायचे असतील तर जरूर जोडा, पण ती उघडून वाचा, कोणी लिहिली आणि कोणी दुरुस्त केली ते विचारा, आणि जी कसोटी दुसऱ्याच्या ग्रंथाला लावाल तीच आपल्याला लावा. नाथांनी ज्ञानेश्वरीला आणि रमाबाईंनी बायबलाला श्रद्धा ठेवूनच हात घातला होता.