हलकी गाडी आणि तिचा हिशेब
१९७६ साली ब्रिटिश रेल्वेची इंटरसिटी १२५ धावू लागली, ताशी २०० किलोमीटर. तिच्या इंजिनाची पुढची केबिन फायबरग्लासची होती: हलकी, न गंजणारी, हव्या त्या आकारात घडवता येणारी. पण पोलाद वितळवून पुन्हा पोलाद करता येतं, या रेझिनचं तसं नाही. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही ना, तसंच ते.

आता २०२४ मध्ये येऊ. चीनमधल्या छिंगताओत कार्बन फायबरची मेट्रो सादर झाली. वजन ११ टक्के कमी, धावण्याची वीज ७ टक्के कमी, असं बनवणारी कंपनी सांगते. मेट्रो सारखी थांबते, सारखा वेग घेते; तिथे हलकेपणा फळतो, हे आपण मान्यच करू. (ब्रेक लावताना वीज परत मिळत असेल तर जरा कमी फळतो.) पण कार्बनचा धागा हजार अंशांहून जास्त तापवून बनतो, आणि ती ऊर्जा गाडीच्या मीटरवर दिसत नाही. म्हणून आपला प्रश्न वजनाचा नाहीच. हिशेबाची वही कुठे उघडायची नि कुठे मिटायची, हे कोण ठरवतं? ते ७ टक्के फक्त धावण्याचे आहेत. काही दशकांनी तो डबा कापून टाकण्याचा खर्च त्यांत धरलेला नाही.