कोळशाची मोटार

जयपूरच्या आग्नेयेस जगतपुरा ही वस्ती आहे. नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड सध्या तेथे आहे. परवा तेथील एका गॅरेजात जुन्या पेट्रोल-मोटारीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसविताना पाहिली. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने वायू त्या टाकीत कोंबलेला असतो. गॅरेजवाला नव्या युगाचे कौतुक सांगत होता. मला मात्र आजोबांच्या तोंडून ऐकलेली कोळशाची मोटार आठवली.

१९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलवर नियंत्रण आले. पुढल्याच वर्षी, जपानी सैन्य जवळ येताच, ब्रह्मदेशातील येनानजाँगच्या तेलविहिरी ब्रिटिशांनी आपल्याच हातांनी उद्ध्वस्त केल्या. तेल मिळेनासे झाले, पण माणसांना बाजारहाट, कोर्टकचेऱ्या आणि लग्नकार्ये चुकली नाहीत. तेव्हा मोटारसर्व्हिसवाल्यांनी गाडीच्या पाठीशी लोखंडी भट्टी जोडली.

तिचे तत्त्व साधे होते. निखाऱ्यांमधून बेताचीच हवा जाऊ दिली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू निघतो. तो निववून, गाळून इंजिनात सोडावयाचा. मात्र या वायूत निम्म्याच्या आसपास निरुपयोगी नायट्रोजन असल्यामुळे इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही घटे. खंबाटकीच्या घाटात उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलल्याचे आजोबा रंगवून सांगत. सकाळी क्लीनरने पंख्याचा दांडा फिरवून भट्टी पेटती केल्याखेरीज गाडी हलत नसे. राखेने आणि काजळीने त्याचा चेहरा ओळखू येऊ नये, हे ठरलेलेच!

ही युक्ती आपल्या मुलखाची नव्हे. फ्रान्समध्ये जॉर्ज इंबेर याने १९२० नंतरच्या दशकात लाकडावर चालणारी अशी भट्टी सिद्ध केली होती. युद्ध संपले तेव्हा एकट्या जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहने होती.

गमतीच्या आठवणींत तिची किंमत मात्र हरवते. एक लिटर पेट्रोलऐवजी साधारण दीड किलो कोळसा लागे, आणि मातीच्या भट्टीत एवढा कोळसा पाडावयास सहा-सात किलो लाकूड जाळावे लागे. म्हणजे मोटार सडकेवर धावे आणि बिल रानात फाटे. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बंद खोलीत तो माणसाला झोपेतच गाठतो. स्वीडनमध्ये अशा वाहनांपासून विषबाधेचे पुष्कळ प्रकार नोंदले गेले. आपल्याकडचा क्लीनर त्या भट्टीशेजारी उभा राहून दिवस काढी. त्याच्या छातीत काय गेले हे कोणी विचारले नाही. आजोबांनीही नाही. त्यांच्या गोष्टीत तो विनोदी पात्र म्हणूनच येई.

युद्धानंतर पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि भट्ट्या भंगारात गेल्या.

गॅरेजवाल्याला मी हे सारे सांगितले. त्याने टाकीचे पट्टे आवळता आवळता ऐकून घेतले. आता इंधन बदलले की मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकात फेरफार करून घ्यावा लागतो, टाकीचीही ठरावीक मुदतीने दाबचाचणी होते. त्याने मान वर करून एवढेच विचारले, ‘‘साहेब, मग त्या काळी भट्टी तपासायला कोण येत असे?’’