पेशीच्या दारावरचा राखणदार

नवजात उंदरांचे डोळे नेहमीपेक्षा काही दिवस आधीच उघडले, या एका साध्या निरीक्षणाचा धागा पुढे थेट स्तनांच्या कर्करोगापर्यंत जाऊन पोहोचला. हा परिणाम घडवून आणणारे प्रथिन अमेरिकेतील नॅशव्हिल येथे स्टॅन्ली कोहेन यांनी १९६२ साली वेगळे काढले. वाढीचा निरोप घेऊन येणारे असे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील दुसऱ्या एका प्रथिनाला येऊन मिळते आणि हे दुसरे प्रथिन तो निरोप आत पोहोचविते. शास्त्रज्ञ त्याला रिसेप्टर म्हणतात. आपण त्याला ग्राही म्हणू. घराच्या दाराशी राखणदार असावा, आलेल्या माणसाचा निरोप त्याने ऐकावा आणि आत जाऊन सांगावा, तसे ग्राहीचे काम असते. कोहेन यांना १९८६ साली रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

हा राखणदार कोणी आलेले नसतानाही अहोरात्र ओरडत राहिला तर काय होईल? पेशी वाढतच राहतील, आणि अशी बेबंद वाढ म्हणजेच कर्करोग. बोस्टनजवळील एम. आय. टी. या संस्थेत रॉबर्ट वाइनबर्ग यांची प्रयोगशाळा होती. मुंबईहून तेथे गेलेले संशोधक लक्ष्मीचरण पाढी यांनी १९८२ साली उंदरांच्या मज्जापेशींतील गाठीतून असेच एक बिघडलेले जनुक उजेडात आणले. त्याला ‘न्यू’ असे नाव देण्यात आले. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असून त्याचा काही भाग बाहेर डोकावतो, हेही दिसून आले.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. जे बाहेर डोकावते, त्याच्यापर्यंत औषध सहज पोहोचू शकते. त्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंडही हाताशी होते. परंतु जनुकाचे स्वरूप समजून घेण्यात गढलेल्या त्या प्रयोगशाळेत हे रुग्णाच्या उपयोगी पडेल काय, हा प्रश्न त्या वेळी पुढे आला नाही. असे प्रतिपिंड दिल्यास पेशींची बेबंद वाढ आवरते, हे १९८५ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले. ज्ञान समोर असूनही त्याचा अर्थ दिसू नये, याचा हा बोलका दाखला आहे.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक कंपनीत अ‍ॅक्सेल उलरिच यांना याच जनुकाचे मानवी रूप मिळाले. कोहेन यांच्या प्रथिनाचा निरोप घेणाऱ्या ग्राहीचे हे भावंडच होते, म्हणून त्याला ‘हर-टू’ म्हणू लागले. मानवी शरीरात ते सतराव्या गुणसूत्रावर असते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टर डेनिस स्लेमन यांच्यापाशी रुग्णांच्या गाठींचे जतन केलेले नमुने होते. दोघांची गाठ पडली आणि एकाचे जनुक दुसऱ्याच्या नमुन्यांत शोधले गेले. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्तनांच्या कर्करोगाच्या १८९ नमुन्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत या जनुकाच्या दोनापासून विसाहून अधिक प्रती आढळल्या होत्या, आणि जेथे प्रती अधिक तेथे आजार अधिक उग्र. आजच्या मोजणीनुसार हे प्रमाण १५ ते २० टक्के मानतात. एकच समजला जाणारा आजार वस्तुतः अनेक आजारांचा समूह आहे, हे या शोधाने स्पष्ट झाले.

पुढील वाट सोपी नव्हती. कंपनीचा कर्करोगातील रस मंदावला. स्लेमन मात्र मागे हटले नाहीत. उंदराच्या प्रतिपिंडाला मानवी शरीर स्वीकारील असे रूप देण्यात आले. चाचण्या सुरू झाल्या, पण चाचणीबाहेरच्या रुग्ण स्त्रियांना औषध मिळेना. १९९४ साली आंदोलक स्त्रियांनी मोटारींची शोकयात्रा काढून कंपनीच्या आवारात धडक मारली. अखेर सप्टेंबर १९९८ मध्ये ‘हर्सेप्टिन’ला अमेरिकेत मान्यता मिळाली. पाढी यांच्या शोधापासून सोळा वर्षे लोटली होती.

आजार शरीरभर पसरलेल्या ४६९ स्त्रियांवरील चाचणीचे फलित २००१ साली प्रसिद्ध झाले. केवळ रसायनोपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान २०.३ महिने, तर हे औषधही घेणाऱ्यांचे २५.१ महिने होते. ही वाढ थोडी वाटेल. परंतु २००५ साली कळले की, प्राथमिक अवस्थेत शस्त्रक्रियेनंतर हे औषध दिल्यास आजार उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो. त्याला एक किंमतही आहे. हृदयाच्या स्नायूंनाही याच ग्राहीची गरज असते. म्हणून हे औषध घेणाऱ्यांच्या हृदयाची तपासणी वेळोवेळी करावी लागते.

दुसरी किंमत पैशांची. कित्येक वर्षे हे औषध सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचे होते. २०१३ साली भारतात त्याच्याशी समरूप असलेल्या औषधाला परवानगी मिळाली आणि बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने ते बाजारात आणले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तरीही यादीत नाव असणे आणि खाटेवरच्या बाईच्या हाताला सलाईनमधून ते मिळणे, यांत अजून अंतर उरतेच.

या इतिहासातून आपल्या कुटुंबांनी घ्यावा असा बोध साधा आहे. स्तनात गाठ जाणवली तर लाजेपोटी किंवा भीतीपोटी ती लपवू नये. कर्करोगाचे निदान झाले तर गाठीच्या तुकड्याची ‘हर-टू’ तपासणी झाली आहे काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. त्या प्रयोगशाळेत जो प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही, तो आपल्या घरात तरी वेळेवर विचारला जावा.