कोंबड्यांचा कैवार आणि ससाण्यांचा संहार

अंगणांत कोंबडी पिलांना घेऊन दाणे टिपीत फिरत असावी, वरून एक सांवली सरकून जावी, आणि क्षणार्धांत एक पिलूं नाहींसें व्हावें, हा अनुभव कोंबड्या पाळणाऱ्या घराला कोणत्याहि देशांत नवा नाहीं. कोंकणांत जसा घारीचा धाक, तसा अमेरिकेंत ससाण्याचा. कोंकणांतील गृहिणी आरडाओरडा करून घारीला हुसकून लावते. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया संस्थानानें मात्र कोंबडीच्या कैवारासाठीं एकदां कायदा केला, सरकारी तिजोरी मोकळी केली, आणि दोन वर्षांतच तो कायदा मागें घेतला. त्या कायद्याचा इतिहास उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन शेतकऱ्याच्या घरीं कोंबडी कोंडून ठेवण्याची फारशी चाल नव्हती. ती दिवसभर धान्याच्या कोठारामागें, गोठ्याभोंवतीं व फळबागेंत मोकळी हिंडे, सांडलेले दाणे व किडे टिपी, आणि सायंकाळीं आपण होऊन खुराड्यांत शिरे. तिला पोसण्यास खर्च असा जवळजवळ नव्हताच. अंड्यांचा पैसा बहुधा शेतकऱ्याच्या पत्नीच्या हातीं राही, आणि साखर, कापड असा वरकड खर्च त्यांतून भागे. त्यामुळें ससाण्यानें नेलेलें पिलूं बाजारभावानें क्षुल्लक असलें, तरी त्या घराला तें क्षुल्लक वाटत नसे. शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. चुकला तो त्या तक्रारीवर योजलेला उपाय.

ता. २३ जून १८८५ रोजीं मंजूर झालेला हा कायदा ‘स्काल्प ॲक्ट’, म्हणजे टाळूचा कायदा, या नांवानें प्रसिद्ध आहे. कारण मारलेल्या प्राण्याची टाळू पुराव्यादाखल हजर करून बक्षीस मिळे. ससाणा, घुबड, मिंक आणि मुंगसाच्या अंगलटीचा वीझल नांवाचा प्राणी, यांपैकीं प्रत्येकाच्या शिरावर ५० सेंट बक्षीस लागलें. शपथेवर जबानी लिहून घेणाऱ्या अंमलदारास वर २० सेंट मिळत. म्हणजे संस्थानाला एक टाळू ७० सेंटांना पडे. ससाण्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकीं कोण कोंबड्या खातो व कोण उंदीर खातो, हें कायद्यानें विचारलें नाहीं. ‘कोंबडीचा ससाणा’ हें एकच लोकप्रचारांतील नांव साऱ्यांना लागू पडलें, आणि नांवाबरोबर शिक्षाहि लागू पडली.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या शेतकी खात्यांत पशुपक्ष्यांचा शेतीशीं असलेला संबंध तपासणारी एक शाखा सुरू झाली होती. तिचे प्रमुख क्लिंटन हार्ट मेरिअम यांनीं आपल्या १८८६ सालच्या अहवालांत या कायद्याचा जमाखर्च मांडला. दीड वर्षांत बक्षिसांपायीं सुमारें ९०,००० डॉलर खर्च झाले होते. दर शिरामागें ७० सेंट धरले, तर १,२८,५७१ प्राणी मारले गेले, आणि त्यांत बहुतेक ससाणे व घुबडेंच होतीं. आतां वांचलें किती? वर्षाला ५,००० कोंबड्या या पक्ष्यांच्या तोंडीं पडतात व प्रत्येकीची किंमत २५ सेंट, असें मेरिअम यांनीं धरलें. दीड वर्षाचा हिशेब १,८७५ डॉलर झाला. ससाणे व घुबडें गेल्यानें माजणाऱ्या उंदरांनीं होणारें पिकाचें नुकसान त्यांनीं याशिवाय धरलें आणि एकूण तोटा ३९,४७,१३० डॉलरांवर नेला.

हा शेवटचा आंकडा अनुमानाचा आहे, हें मान्य केलें पाहिजे. प्रत्येक पक्षी वर्षाला एक हजार उंदीर किंवा त्या मानानें किडे खातो, आणि प्रत्येक उंदीर दोन सेंटांचें नुकसान करतो, अशा गृहीतावर तो उभा आहे. पांच हजार कोंबड्यांचा आंकडाहि गृहीतच होता. पण तो दसपट केला, तरी वांचलेल्या कोंबड्यांची किंमत १८,७५० डॉलरांपलीकडे जात नाहीं, आणि तिजोरींतून गेलेले ९०,००० डॉलर तसेच राहतात. १८८७ सालीं कायदा रद्द झाला.

खरा चोर कोण, या प्रश्नाचें उत्तर मेरिअम यांचे सहकारी ए. के. फिशर यांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मिळालें. त्यांनीं सुमारें २,७०० ससाण्यांच्या व घुबडांच्या जठरांत काय सांपडलें, याची नोंद केली. कोंबड्यांवर व शिकारीच्या पक्ष्यांवर मुख्यत्वें जगणाऱ्या सहा जाती वगळतां २,२१२ जठरें उरलीं. त्यांपैकीं शेंकडा ५६ जठरांत उंदीर व इतर लहान सस्तन प्राणी होते, शेंकडा २७ मध्यें किडे होते, आणि कोंबडी किंवा शिकारीचा पक्षी अवघ्या शेंकडा साडेतीन जठरांत आढळला. तांबड्या शेपटीच्या ससाण्याचीं ५६२ जठरें तपासलीं. २७८ मध्यें उंदीर निघाले, कोंबडी किंवा शिकारीचा पक्षी ५४ मध्यें. उलट कूपरच्या ससाण्याच्या १३३ जठरांपैकीं ३४ मध्यें तसे पक्षी निघाले.

या दोघांच्या राहणींतच शेतकऱ्याच्या गैरसमजाचें मूळ आहे. तांबड्या शेपटीचा ससाणा अंगानें मोठा. तो उघड्या माळावर संथ घिरट्या घालतो, किंवा एकाकी झाडाच्या शेंड्यावर तासन्‌तास बसून गवतांतील उंदरावर नजर ठेवतो. बंदूक घेऊन निघालेल्या माणसाला पहिल्यानें दिसतो तोच. कूपरचा ससाणा आपल्याकडील शिक्र्याच्या चालीचा. तो झाडींत दबून बसतो, कुंपणाच्या आडोशानें जमिनीलगत येतो, झडप घालतो आणि बंदूक उचलण्यापूर्वीं दिसेनासा होतो. चोर निसटे, आणि चोरीच्या जागीं राजरोस बसलेला पाहरेकरी गोळीला बळी पडे.

कायदा गेला तरी समज गेली नाहीं. १९२९ सालीं पेन्सिल्व्हानियानें गोशॉक या मोठ्या ससाण्यावर पांच डॉलर बक्षीस लावलें. शरद ऋतूंत किटाटिनी डोंगराच्या धारेवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या ससाण्यांना शिकारी जात न पाहतां टिपूं लागले, आणि मेलेल्या पक्ष्यांचे ढीग पडूं लागले. १९३४ सालीं न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंनीं त्या डोंगरावरील सुमारें १,४०० एकर जमीन भाड्यानें घेतली, मॉरिस ब्रॉन यांना राखणदार नेमलें, आणि तेथील गोळीबार थांबविला. तें स्थळ ‘हॉक माउंटन’ म्हणून जगप्रसिद्ध आहे. पुढें १९७२ सालीं मेक्सिकोशीं झालेल्या करारदुरुस्तीनें ससाणे व घुबडें १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांविषयींच्या कायद्याच्या रक्षणाखालीं आलीं. आज अमेरिकेंत परवान्यावांचून ससाणा मारणें हा गुन्हा आहे.

मग कोंबडीनें काय करावें? तिची मूळची जात, म्हणजे रानकोंबडी, झुडपांच्या आडोशानें राहणारी. आकाशांतील शत्रूसाठीं एक व जमिनीवरील शत्रूसाठीं दुसरी, अशा दोन निराळ्या हांका कोंबडा आजहि देतो. वरचा धोका दिसला कीं, ती हांक ऐकून कोंबड्या जवळच्या झुडपाकडे धांव घेतात. परंतु माणसानें तिला मोकळ्या अंगणांत आणून सोडली, तेथें धांव घ्यावी तर आडोसाच नाहीं. म्हणून अंगणांत दाट झुडपें ठेवणें, ठिकठिकाणीं बुटके मांडव घालणें, पिलें मोठीं होईपर्यंत जाळीच्या छपराखालीं राखणें, आणि घुबडाच्या भयास्तव दिवस मावळण्यापूर्वीं खुराड्याचें दार लावणें, हे साधे उपाय आहेत. त्यांना सरकारी बक्षीस लागत नाहीं. शिवाय कोंबड्यांच्या दाण्यावर जमणाऱ्या उंदरांसाठीं माळावरचा ससाणा जिवंत राहतो, हा लाभ निराळाच.