एक दिवस कोचीचा

रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाला शहराची पाठ दिसते. जहाजाने येणाऱ्याला त्याचे मुख दिसते. मुंबईहून निघालेले आमचे पर्यटन-जहाज एका सकाळी कोचीच्या खाडीत शिरले, तेव्हा ह्या म्हणण्यातील सत्य मला प्रथमच उमगले. सायंकाळी पाचच्या आत जहाजावर परत हजर व्हावे, एवढीच अट होती. म्हणजे सहा शतकांचा इतिहास पाहण्यास आठ तास हाती होते.

पाय ठेवला ती भूमीच मुळी अर्वाचीन निघाली. विलिंग्डन बेटाचा बहुतेक भाग खाडीतून उपसलेल्या गाळाचा आहे. मुखाशी आडवा पडलेला वाळूचा बांध कापून हे बंदर मोठ्या जहाजांना खुले करण्याचे काम रॉबर्ट ब्रिस्टो ह्या अभियंत्याने १९२० नंतर हाती घेतले आणि १९२८ मध्ये 'पद्मा' नावाची आगबोट आत आली. पण बंदराचा खरा आरंभ माणसाच्या हातून झालेला नाही. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, उत्तरेकडील कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि इकडे कोचीला समुद्राची वाट मोकळी झाली, असे मानतात. एका गावाचे दैव बुडाले, म्हणून दुसऱ्याचे वर आले.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी पाण्यावर वाकून उभी होती. एका टोकाला जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांनी टांगलेले धोंडे आणि मधल्या आसाभोवती चाललेला समतोल. चार-सहा माणसे दोर ओढीत, जाळे वर येई आणि त्यात मासळी मूठभर निघे. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेल्या लाकडी चर्चच्या जागी १५१६ पर्यंत पक्के चर्च उभे राहिले. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीत मरण पावला व येथेच पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी लिस्बनला नेण्यात आल्या. आज येथे कठड्याने वेढलेली शिळा आहे, पण खाली कोणी नाही. १६६३ मध्ये डच आले आणि १७९५ मध्ये इंग्रज. प्रत्येकाने चर्च आपल्या पंथाचे करून घेतले. डचांची थडगी भिंतींत बसवलेली आहेत आणि त्यांच्या बाप्तिस्म्यांची व विवाहांची १७५१ पासूनची नोंदवही जतन केलेली आहे. सत्ता गेल्या, नोंदवही उरली. ज्याचा सारा दिवस नोंदी करण्यात जातो, अशा माणसाला ह्यात थोडे समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे.

तेथून मट्टांचेरीला गेलो. ज्याला सारे 'डच राजवाडा' म्हणतात, तो वस्तुतः पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला नजर केलेला आहे. डचांनी मागाहून केवळ दुरुस्ती केली. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव राहावे आणि बांधणाऱ्याचे पुसले जावे, हा अनुभव कचेरीपुरताच नाही तर! राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग दाटीवाटीने रंगवले आहेत. वाड्याला लागूनच ज्यूंचे सिनेगॉग आहे. ते १५६८ मधले असून त्याचा घड्याळाचा मनोरा १७६० मधला आहे. चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांवरून अनवाणी चालावे लागते. राजाने ह्या लोकांना आपल्या वाड्याशेजारी जागा दिली, ते शतकानुशतके तेथे राहिले, आणि १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर हळूहळू निघून गेले. गल्लीला आजही ज्यूंचेच नाव आहे. ज्यू मात्र जवळजवळ उरलेले नाहीत.

येथवरचा दिवस कोणत्याही प्रवाशाचा होता. मला मात्र आणखी एका मोहल्ल्यात जायचे होते. मट्टांचेरीलाच लागून चेरळाई नावाची वस्ती आहे. तेथे तिरुमल देवस्वमाचे वेंकटेशाचे मोठे देऊळ असून भोवती कोकणी गौड सारस्वतांची घरे व दुकाने आहेत. सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, आणि अनेक कुटुंबे किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाली. कोचीच्या राजाने आश्रय दिला. आश्रय नेहमीच अभंग राहिला असेही नाही: १७९१ मध्ये राजा शक्तन तंपुरान ह्यानेच करावरून चिडून ह्या व्यापाऱ्यांवर हत्यार उपसले आणि त्यांना शेजारच्या त्रावणकोरात पळावे लागले. तरी ते परतले. देवळाबाहेरच्या एका दुकानात दोन वृद्धा बोलत होत्या. मराठी कानाला ते बोलणे अर्धे कळत होते आणि उरलेले अर्धे कळल्यासारखे वाटत होते.

मला येथे आणले होते ते एका छापील पानाने. हेंड्रिक व्हान रीड हा डच कंपनीचा अधिकारी १६७० ते १६७७ मलबारचा प्रमुख होता. त्याने येथील वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. ग्रंथावर नाव व्हान रीडचे असले, तरी वनस्पतींचे ज्ञान इट्टी अच्युतन ह्या मलयाळी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोकणी वैद्यांचे होते. मलयाळमातून पोर्तुगीजमध्ये व पोर्तुगीजमधून लॅटिनमध्ये ते ज्ञान नेले गेले. पहिल्या खंडात ह्या वैद्यांची प्रमाणपत्रे आहेत. तिघांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ आपण हे काम केले, असे त्यात ते नोंदवतात. १६७५ चा तो एप्रिल महिना. रायगडावरील राज्याभिषेकाला अद्याप वर्षही पुरे झाले नव्हते. युरोपात छापल्या गेलेल्या देवनागरीच्या आरंभीच्या नमुन्यांत ह्या पानाची गणना होते.

वर्षामागून वर्षे परमुलखात काढणाऱ्या मराठी माणसाला असे पान दिसले की पहिला मोह होतो तो 'हे आपलेच' असे म्हणण्याचा. मलाही झाला. पण त्या दुकानाशी उभा असताना तो मोह खोटा वाटला. लिपी आपल्या ओळखीची आहे. भाषा मात्र त्यांची, स्वतंत्र, १९९२ पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीत मान्य झालेली. ती राखली कोणी? ज्यांनी गाव सोडले त्यांनी. आणि ती राखताना त्यांनी शेजाऱ्याच्या भाषेकडे पाठ फिरवली नाही. मलयाळी वैद्याबरोबर बसून एकाच झाडाची नावे त्यांनी सांगितली. त्या ग्रंथाच्या चित्रांवर मलयाळम, अरबी आणि नागरी अक्षरे शेजारी-शेजारी आहेत. आपण बदलीच्या गावी चार मराठी घरे शोधतो, गणेशोत्सव करतो, मासिक चालवतो. हे सारे उचितच आहे. परंतु ज्या गावात दहा वर्षे काढली तेथील एका झाडाचे नाव तेथल्या भाषेत विचारले, तर आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? मी राहतो त्या वसाहतीच्या फाटकाशी एक मोठे झाड आहे. त्याचे नाव मी कधी विचारलेले नाही.

पाच वाजता जहाजाचा भोंगा झाला. चिनी जाळ्यांमागे ऊन पिवळे पडले होते. वास्कोच्या अस्थी नेल्या गेल्या, ज्यू आपण होऊन गेले, डच आणि इंग्रज जावे लागले म्हणून गेले. आम्ही तर आठ तासांचे पाहुणे. चेरळाईच्या देवळात ह्या वेळी सांजेची तयारी चालली असेल. किनाऱ्यावर उतरतात पुष्कळ. तेथे वस्ती करणे ही निराळी विद्या आहे, आणि ती शिकायला मला अजून आरंभ करायचा आहे.