लक्झरी कारचा स्पीकर बदलायचाय? वॅटच्या आधी 'ओहम' बघा

नंदुरबारमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी आतून बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. त्याचा फटका सीट आणि डॅशबोर्डला बसतो, तसाच दारातल्या स्पीकरलाही. कागदी कोनाभोवतीची फोमची कडा उष्णतेने आणि वयाने कडक होते, मग फाटते. गाणं लावलं की फरफर ऐकू येते. सेकंड हँड घेतलेल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडीच्या मालकाला हा प्रश्न हमखास पडतो: कंपनीचाच महाग स्पीकर घ्यायचा की बाजारातला?

आधी दोष कुठे आहे ते शोधा

प्रत्येक वेळी बिघाड स्पीकरमध्येच असतो असं नाही. बॅलन्स आणि फेडर फिरवून नेमका कोणता स्पीकर बिघडलाय ते ओळखा. मग तो काढून दुसऱ्या बाजूच्या तशाच जागी लावून बघा. फरफर त्याच्यासोबत गेली तर दोष स्पीकरचा. ती मूळ जागीच राहिली तर वायर, कनेक्टर किंवा ॲम्प्लिफायर तपासा. फक्त फोमची कडा फाटली असेल आणि कॉइल शाबूत असेल, तर कारागीर नवी कडा चिकटवून देतात. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

ओहम म्हणजे काय आणि तो का महत्त्वाचा?

स्पीकर विद्युतप्रवाहाला किती विरोध करतो, ते ओहममध्ये सांगतात. बाजारातले बहुतेक कार स्पीकर ४ ओहमचे असतात. पण बोससारख्या काही फॅक्टरी सिस्टीममध्ये २ ओहम किंवा त्याहूनही कमी ओहमचे स्पीकर असतात. इथेच गल्लत होते.

- २ ओहमच्या जागी ४ ओहमचा लावला, तर ॲम्प्लिफायरची जवळपास निम्मीच ताकद त्याला मिळते. त्या बाजूचा आवाज दबतो.
- ४ ओहमच्या जागी २ ओहमचा लावला, तर ॲम्प्लिफायरमधून सुमारे दुप्पट प्रवाह ओढला जातो. तो तापतो, बंद पडतो, कधी जळतोही. मग स्पीकरवर वाचवलेले पैसे ॲम्प्लिफायरवर जातात.

जुन्या स्पीकरच्या मागे ओहम छापलेले असतात. नसतील तर मल्टिमीटरने मोजा. मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.५ च्या आसपास दिसतो.

वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका

डब्यावर ठळक छापलेला 'पीक' किंवा 'मॅक्स' वॅटचा आकडा क्षणभराचा असतो. खरा आकडा 'आरएमएस'चा, म्हणजे स्पीकर सतत किती ताकद पेलू शकतो त्याचा. त्यासोबत संवेदनशीलता बघा, ती डेसिबलमध्ये दिलेली असते. ३ डेसिबल जास्त असलेला स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत देतो. गाडीतला मूळ ॲम्प्लिफायर तसाच ठेवणार असाल, तर जास्त संवेदनशीलतेचा स्पीकर बरा.

माप आणि खोली

बऱ्याच गाड्यांच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो. लक्झरी गाड्यांचं गणित वेगळं आहे. अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये दारात ४ इंची स्पीकर आणि पुढच्या सीटखाली वूफर असतात. काही मर्सिडीजमध्ये बास स्पीकर दारात नसून पाय ठेवण्याच्या जागेजवळ असतो. त्यामुळे व्यासासोबत खोली आणि स्क्रूची भोकंही मोजा. मागचं चुंबक जाड असेल तर काच खाली घेताना ती त्याच्यावर अडकते.

दार उघडताना सावध

काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. दाराच्या आतल्या पत्र्याला भोक पाडलं किंवा कापलं, तर त्याचं काम बिघडू शकतं. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका आणि आधी बॅटरीची तार काढा. आवाज घुमू नये म्हणून शीट चिकटवणार असाल, तर दाराच्या तळाची पाणी निचऱ्याची छिद्रं मोकळी ठेवा. नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून पत्रा गंजेल.

मग घ्यायचा कोणता?

बर्मेस्टर, हरमन कार्डन, मेरिडियन अशा नावांच्या सिस्टीममध्ये ॲम्प्लिफायर मूळ स्पीकरसाठीच ट्यून केलेला असतो. एकच स्पीकर गेला असेल, तर त्याच मॉडेलचा मूळ स्पीकर घेणं उत्तम. पार्ट नंबर जुळवा, वापरलेला पण चालू स्थितीतला मिळाला तरी चालेल. बाजारातलाच लावायचा असेल तर डावी-उजवी जोडी एकत्र बदला, म्हणजे दोन्हीकडचा आवाज सारखा राहील.

नंदुरबारहून कामासाठी सुरत किंवा नाशिक गाठायचं असेल, तर निघण्याआधी चार गोष्टी फोनवर विचारून घ्या: ओहम, माप, वायर न कापता बसणारा कनेक्टर आणि वॉरंटीवर होणारा परिणाम. चारपैकी एकाचंही उत्तर 'बघू, बसेल' असं आलं, तर दुसरं दुकान शोधा.